सहा नंबरचा कर्णा

सोमवार, ३ तारीख

नव्या कामाचा पहिला दिवस, म्हणून नवी वही. उंच पत्र्याची शेड. एका भिंतीला प्लायचे ताव उभे टेकवलेले, मधोमध करवतीचे टेबल आणि उत्तरेच्या खिडकीखाली माझ्यासाठी रिकामे करून ठेवलेले बाक. खिडकीतून दिवसभर एकसारखा उजेड येतो. जागा मला आवडली. अशी वाक्ये माझ्या हातून सहसा लिहिली जात नाहीत, म्हणून नोंद करून ठेवते.

इथे मोठ्या नाचाच्या कार्यक्रमांसाठी बेसचे कर्णे बनतात. बाहेरून पाहिले तर कपाटाएवढा काळा खोका. आत मात्र लाकडाची एक वाट असते, दुमडत दुमडत रुंद होत जाणारी. एका टोकाला अरुंद गळा, तिथे अठरा इंची स्पीकर बसतो. दुसऱ्या टोकाला उघडे तोंड. ही वाट उलगडून सरळ केली तर दोन मीटर चाळीस सेंटिमीटर भरते. तेवढ्या प्रवासात स्पीकरच्या धक्क्याचा छातीत बसणारा ठोका होतो.

मालकांना सगळे मिस्त्री म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढे, कानावर पेन्सिल. त्या कानांना आता फारसे ऐकू येत नाही, तीस वर्षे करवतीशेजारी गेली. ते तळहाताने ऐकतात. वाजत्या खोक्यावर हात ठेवून कुठला स्क्रू सैल आहे ते सांगतात आणि खात्री करायला सरळ डोके कर्ण्याच्या तोंडात घालतात. मी म्हटले, असे करू नका, उरलेसुरलेही जाईल. ते म्हणाले, गेले तर गेले, हात आहेत ना. रंगाचे आणि वायरींचे काम त्यांची बायको बघते. मी त्यांना वहिनी म्हणायचे ठरवले. वहिनी म्हणाल्या, पंचवीस वर्षे मी बोलते ते यांना ऐकू येत नाही, सैल स्क्रू बरा ऐकू येतो.

आधीच्या नोकरीबद्दल मिस्त्रींनी काही विचारले नाही. तिथे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते की बाईंना आकड्यांत भुते दिसतात. माझे माप बरोबर होते हे सहा महिन्यांनी कळले, तेही दुसऱ्याकडून. मिस्त्रींनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला. माप चुकल्यासारखे वाटले तर काय करता? मी म्हटले, पुन्हा घेते. त्यांनी लगेच चहा मागवला.

गुरुवार, ६ तारीख

येत्या २३ तारखेला, रविवारी, एका रिकाम्या गोदामात कार्यक्रम आहे. दुपारी तीन ते सात. एकसारखे आठ कर्णे द्यायचे. मिस्त्रींनी आजवर एका वेळी चारपेक्षा जास्त दिलेले नाहीत. आठ जुळवून वाजले तर आपले नाव होईल, असे ते दिवसातून दोनदा म्हणतात. जुळवणे माझ्याकडे.

कार्यक्रमात गाणी वाजवणाऱ्याला भूकंप म्हणतात. आज येऊन गेला. अंगाने काडी, बोलतो इतका हळू की मिस्त्रींना त्याचे एक अक्षर पोचत नाही. दोघांचे कसे काय जमते हे मला कळत नाही, पण जमते.

शेडची एक पद्धत आज पाहिली. खोक्याची शेवटची बाजू चिकटवण्याआधी मिस्त्री वाकून आत हाक मारतात, ‘आहे का कोणी?’ मग वहिनी गळ्याकडून कान लावतात. आतून काही आले नाही तर त्या मान हलवतात आणि फळी बसते. मी कारण विचारले. वहिनींनी सांगितले की मागे एकदा मांजर आत राहून गेले होते. दोन दिवस खोका म्यांव म्यांव करत होता आणि हे म्हणत होते, काय गोड आवाज लागलाय.

शनिवार, ८ तारीख

पाच कर्णे झाले. मिस्त्री आणि वहिनी प्लाय आणायला गेले होते, सहाव्याची शेवटची फळी बसवायची राहिली होती. गोंद वाळत होता, म्हणून मीच बसवली. सोळा स्क्रू, चार शिकंजे. हाक मारली नाही. आत टॉर्च टाकून पाहिले होते, मांजर नव्हते. टॉर्चने दिसत असताना हाक कशाला?

मिस्त्रींनी आल्यावर विचारले, हाक मारलीत ना? मी मान हलवली. कुठल्या दिशेने हलवली, ते त्यांनी नीट पाहिले नाही.

मंगळवार, ११ तारीख

मोजमाप सुरू. पद्धत सोपी आहे. स्पीकरमधून अगदी खालच्या सुरापासून वर चढत जाणारा एक सलग आवाज सोडायचा, त्याला आम्ही स्वीप म्हणतो. कर्ण्याच्या तोंडाशी माइक असतो. कुठला आवाज किती वेळाने माइकपर्यंत आला, ते संगणक रेषेवर टोके काढून दाखवतो. पहिले टोक थेट आवाजाचे. त्यामागची बारकी टोके भिंतींवरून परतलेल्या आवाजाची. सगळे एका सेकंदाच्या आत शांत होते.

एक ते पाच नंबर चोख. सहाला एक टोक जास्त आहे. दोन पूर्णांक शहात्तर सेकंदांनी. आवाजाचा वेग धरून जाण्या-येण्याचे निम्मे केले तर ४७५ मीटर. म्हणजे कपाटाएवढ्या खोक्यात काहीतरी अर्धा किलोमीटर लांब आहे आणि आवाज त्याच्यावर आपटून परत येतो आहे.

अर्थात वायरीचा दोष. पुन्हा घेतले. ४७२. पुन्हा. ४६९.

बुधवार, १२ तारीख

वायर बदलली. माइक बदलला. साउंड कार्ड बदलले. पाच नंबरचा स्पीकर सहात आणि सहाचा पाचात घातला. टोक पाचात गेले नाही, सहातच राहिले. म्हणजे दोष लाकडात. लाकडाने आवाज अडीच सेकंद धरून ठेवणे शक्य नाही. दिवसभरात बारा स्वीप घेतले, शेवटचे माप ४३३.

दिवस फुकट गेला. वहिनींनी दोनदा विचारले, सहावा आजारी आहे का? सर्दी झाली असेल. मी हसले नाही, त्यामुळे त्या जास्तच हसल्या.

गुरुवार, १३ तारीख

शेडच्या भिंतींचा संशय नको म्हणून सहा नंबर मागच्या मोकळ्या मैदानात नेला. टेम्पोवाला म्हणाला, एवढे उन्हात कशाला नेताय, त्याला काय जीव आहे? मी सरासरी घ्यायची ठरवली. एकच स्वीप बत्तीस वेळा घेऊन एकावर एक रचायचा. जे खोटे असते ते पुसले जाते, खरे असते ते उठून दिसते. मी हे शंभर वेळा केलेले आहे.

टोक पुसले गेले नाही. उठूनही दिसले नाही. पसरट टेकाड झाले. असे एकाच कारणाने होते. मोजत असताना वस्तू जागेवर नसली तर.

बत्तीस स्वीप सुटे करून पाहिले. ४३०, ४२७, ४२४. दर स्वीपला तीन मीटर. शेवटचे ३३७. बत्तीस पावले.

पावले नव्हे. टप्पे.

सोमवार, १७ तारीख

काल रविवार, शेड बंद. शुक्रवार-शनिवारी मी सहाला हात लावला नाही, सात आणि आठ पुरे केले. आज एकच स्वीप. ३३४.

चार दिवसांत फक्त एक टप्पा. म्हणजे ते वेळेने पुढे येत नाही. आवाजाने येते. मी ऐकवते तेव्हा येते. मंगळवारपासून खात्री करून घ्यायला म्हणून मी जितकी मापे घेतली, तितक्या वेळा त्याला बोलावले.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. अगदी खालचा सूर, तीस हर्ट्झचा, लांबीला साडेअकरा मीटर असतो. छोट्या वस्तूला तो वळसा घालून निघून जातो. परतत नाही. सहातून तो परततो आहे, पूर्णच्या पूर्ण.

मिस्त्रींना म्हटले, सहा बाद करू, सातवर भागवू. त्यांनी कारण विचारले. माप जुळत नाही, एवढेच सांगितले. ते म्हणाले, पुन्हा घ्या. मी म्हटले, नको. हा शब्द त्यांनी माझ्या ओठांवर वाचला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले. मग तळहात सहावर ठेवून म्हणाले, लाकूड उत्तम आहे, इंजिनियर बाई, तुम्हीच तर बंद केलात.

खरे सांगायला तोंड उघडले होते. पण साहेबांचे ते वाक्य आठवले. इथेही तेच ऐकायचे नव्हते.

बुधवार, १९ तारीख

सहाला ताडपत्री घातली. वर पाटी: वाजवू नये. वहिनींनी पाटी वाचून विचारले, नजर लागू नये म्हणून का? मी हो म्हटले. त्यांनी तेवढ्यावर सोडले, पण चहा ठेवताना थोडा वेळ जास्त उभ्या राहिल्या.

शुक्रवार, २१ तारीख

मी कनेक्टर आणायला बाहेर. पाऊण तास. परत आले तेव्हा रस्त्याच्या वळणापासूनच पत्रे थरथरताना ऐकू आले.

भूकंप आठही लावून वाजवत होता. ताडपत्री घडी घालून बाजूला. पाटी त्याने वाचली होती. म्हणाला, मला वाटले पाटी पाहुण्यांसाठी आहे. मी त्याच्यावर ओरडले. तो घाबरून अधिकच हळू बोलायला लागला. काय बोलतो तेही कळेना, राग आणखी वाढला. मिस्त्री सहाच्या तोंडापाशी बसले होते, हात फळीवर. माझे ओरडणे त्यांना ऐकू गेले नाही. ते म्हणाले, सगळ्यांत गोड हाच आहे. आतून कोणीतरी हाताला हात लावून ठोका देतेय असे वाटते.

सगळे गेल्यावर एक स्वीप घेतला. घ्यायला नको होता. ६१.

शनिवार, २२ तारीख

वहिनींना निम्मे सांगितले. उद्या मिस्त्रींना सहात डोके घालू देऊ नका, एवढे. त्या म्हणाल्या, पंचवीस वर्षांत मी यांना एका गोष्टीला नको म्हटले आणि यांनी ऐकले असे झाले असेल तर सांग. मग हात पुसून त्यांनी विचारले, त्या दिवशी तू हाक मारली होतीस का ग?

नाही, मी म्हटले. हे पहिले खरे उत्तर.

या वेळी त्यांनी मांजराची गोष्ट काढली नाही.

मी ठरवले आहे. उद्या मांडणी झाली की कोणाला न सांगता सहाच्या मागची एक वायर काढीन. बाकीचे सात वाजतील. गर्दीत कोणाला कळणार नाही.

रविवार, २३ तारीख, संध्याकाळ

वायर काढली होती. अडीच वाजता. मी स्वतः.

तीनला सुरू. माझे टेबल तीस पावलांवर. मध्ये माणसे, हात वर करून नाचणारी, सगळ्यांची छाती एका ठोक्यावर. सात छान वाजत होते.

मिस्त्री फेरी मारायला निघाले. तळहात एकावर. दोनवर. मी गर्दीतून बघत होते. पाच. सहा. हात तिथेच थांबला. मागे गेले. त्यांना वाटले, वायर सैल झाली. मला वाटायला हवे होते की त्यांना असे वाटेल. हाताने ऐकणाऱ्या माणसापासून मुका खोका लपवायला निघाले होते मी.

वायर घट्ट केली. माझ्याकडे बघून हसले. जणू माझी एक चूक त्यांनी झाकली. मग वाकून डोके तोंडात घातले.

मी ओरडले. त्या आवाजात मला माझेही ओरडणे ऐकू आले नाही.

डोके. मग खांदे. तिथे खांद्यांना जागा नाही. पहिल्या वळणावर रुंदी एकोणीस सेंटिमीटर आहे. मीच मोजली आहे. एकोणीस. मग कंबर. चप्पल —

मेन स्विच पाडला. लोक ओरडायला लागले. मी तोंडाशी पोचले. आत वळणापाशी पेन्सिल पडलेली. बाकी काही नाही.

सगळे म्हणतात, बाहेर गेले असतील, उकडत होते. वहिनी म्हणतात, डबा इथेच आहे. डब्याशिवाय हे कुठे जात नाहीत.

सोमवार, २४ तारीख, सकाळ

टेम्पोने आठही परत आणले. सहा बाकासमोर ठेवून घेतला. फळी उघडून पाहिली. लाकूड. गोंद. स्पीकर. दोन मीटर चाळीस, टेपने मोजले. तेवढेच. पुन्हा मोजले. फळी पुन्हा लावली.

वहिनींना सगळे सांगितले. वहीही वाचायला दिली. वाटले होते, ओरडतील. त्यांनी विचारले, म्हणजे आवाज दिला की जवळ येते? मी हो म्हटले. मग त्या म्हणाल्या, तर दे.

एक स्वीप. या वेळी वर हजार हर्ट्झपर्यंत नेला.

दोन टोके.

एक ९० मीटरवर, म्हणजे काल तोंडापर्यंत येऊन ते मागे सरकले आहे. सगळे सूर परतवते, अगदी खालचेसुद्धा. दुसरे ९३ वर. ते फक्त वरचे सूर परतवते. दोनशे हर्ट्झच्या पुढचे. एवढ्याशा लांबीच्या वस्तूला — माणसाएवढ्या. माणसाएवढ्या वस्तूला तेच जमते.

मोठे पुढे आहे. मिस्त्री मागे आहेत.

मी वहिनींना समजावले. स्वीप दिला की दोन्ही सरकतात. मिस्त्रींना आणायचे तर आधी मोठे — आधी ते येणार. तोंडातून. इथे. या शेडमध्ये. दुसरी वाट नाही, कर्ण्याला तोंड एकच असते.

वहिनींनी शेडचे मोठे दार उघडून ठेवले. म्हणाल्या, येऊ दे. आले तर जाईल, जागा केली आहे. तू माप घे.

सोमवार, दुपार

८७. ९०.

८४. ८७.

मध्ये नेहमी तीनच मीटर. एका पावलाचे अंतर. ते त्याच्यामागून चालत आहेत की त्याने धरून —

टेम्पोवाला दारात डोकावला. हे काय चालू आहे, म्हणाला. मग गेला. टेम्पो इथेच टाकून.

सोमवार, चार वाजता

३६. ३९.

खिडकीची काच स्वीप थांबल्यावरही वाजते. आधी सेकंदभर. आता थांबतच नाही.

अक्षर वाईट येते आहे. थांबवावे का? थांबवले तर ते तिथेच राहतील. वहिनींनी विचारले, थांबलीस का ग? त्यांचा हात फळीवर. मिस्त्रींसारखाच. म्हणतात, येतेय. ठोका येतोय.

नंतर

१५. १८.

१२.

वहिनी तोंडाशी बसल्या. उठा म्हटले, ऐकत नाहीत. त्यांनी वाकून हाक मारली. ती मी मारायची होती, ८ तारखेला. आहे का कोणी?

मी गळ्याकडे कान लावला. स्पीकरच्या मागे. काही नाही. श्वास नाही, काही —

९. १२.

खोक्याचे लाकूड गरम आहे

६

माप घ्यायला नको आता. दिसते आहे, तोंडाच्या आत उजेड पोचत नाही. भर दिवसा —

३

आवाज आला. मिस्त्रींचा. अगदी जवळून, नेहमीच्या सुरात, फळी बसवायच्या आधी विचारतात तसा. आहे का कोणी?

ते बाहेर आणि आपण आत आहोत असे विचारतात. आम्ही आत आहोत असे. उत्तर आले नाही तर ते फळी बसवतील, मला ठाऊक आहे ते काय करतात, वहिनी मान हलवायला लागल्या, मी त्यांचे डोके दोन्ही हातांनी धरले, नका हलवू, नका, मी ओ देते, मी ओ दे